नाव घातलेली बाकं

नाशिक,
१० डिसेंबर १९९७

चि. शांतवन यास,
प्रभूच्या नावात अ. उ. आ. वि. वि.

बाकं घेऊन गेलेला टेम्पो परत आला, ड्रायव्हर चहा पिऊन गेला, वर रस्त्याच्या नावानं बोटं मोडून गेला, आणि तुझं पोचल्याचं दोन ओळींचं कार्ड अजून नाही. हरसूलला पोस्ट आहे ना, की तेही द्राक्षांच्या कामाला गेलं?

आपल्या देवळात नवी सागवानी बाकं आली. प्रत्येकावर नवी नावं. इथं आता नावाशिवाय काही उरलेलं नाही. पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा नावं आहेत, ती पंखा लावला की वाचता येत नाहीत, म्हणून पंखे देणाऱ्या साठेबाई हिवाळ्यात खूश असतात. घड्याळावर भालेराव सेक्रेटरींच्या वडिलांचं नाव आहे, त्यामुळे उपदेश चालू असताना सगळ्यांचं लक्ष त्यांच्या वडिलांकडेच असतं. तर, जुनी दहा बाकं तुझ्या मंडळीला द्यायची असं कमिटीत ठरलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. हे तुला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगते.

तुला माहीत आहे, तुझे दाजी गेले तेव्हा कबरेला दगड की देवळाला बाक, यातलं एकच जमणार होतं. मी बाक निवडलं. 'प्रभुवासी रत्नाकर आढाव यांच्या स्मरणार्थ' ही अक्षरं मी पेंटरसमोर उभी राहून काढून घेतली आहेत. सहा वर्षं दर रविवारी त्या नावाला पाठ टेकून बसले. माणसाचं नाव जगात एवढ्या एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे. तू शब्द दिलास की ते पहिल्या रांगेत राहील आणि नावाला धक्का लागणार नाही, म्हणून मी ते टेम्पोत चढवू दिलं. आता ते कुठं ठेवलंस, कोण बसतं, सगळं सविस्तर लिही.

दिशाचा अभ्यास बरा चालला आहे. आत्याच्या धाकानं चालला आहे असं ती म्हणते. नाताळला पाठवते तिला.

ललिताला आशीर्वाद. पत्राला उशीर करून माझा जीव टांगणीला लावू नकोस, बाकी माया आहेच.

तुझी ताई,
एस्तेर


हरसूल,
२२ डिसेंबर १९९७

ती. ताईस,
शांतवन व ललिताचा सप्रेम सलाम. वि. वि.

बाकं सुखरूप पोचली. देवळात बसवली आहेत. दाजींचं बाक पहिल्या रांगेत आहे.

यंदा भात बरं झालं, नागली मात्र पाखरांनी खाल्ली. देवरामची नागली तर उभी असतानाच अर्धी गेली, तरी तो उपासनेत आभार मानताना पाखरांचंही नाव घेतो. (देवराम म्हणजे आमच्या मंडळीतला वडील माणूस, मी नसलो की तोच उपासना चालवतो.) ललिताचा गुडघा थंडीमुळं धरला आहे. तिळाचं तेल चोळतो, पण उतरणीला तिला काठी लागते. नाताळ झाला की निम्मी मंडळी दिंडोरीकडं द्राक्षांच्या कामाला उतरेल, मग देवळात म्हातारीकोतारीच उरतील. थंडी इतकी आहे की सकाळी हंड्यातलं पाणी हाताला चावतं.

दिशाला शेवटच्या जीपच्या आधी पोचेल अशी पाठव. तुला नाताळच्या व नव्या वर्षाच्या शुभेच्छा. आमच्यावर डोळा असतोच तुझा, तो मायेचाही असू दे.

तुझा,
शांतवन


नाशिक,
९ जानेवारी १९९८

चि. शांतवन यास,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. नागलीला अर्धं पान, गुडघ्याला चार ओळी, थंडीला दोन, आणि बाकांना वकिलाला विचारून लिहावीत तशी तीन वाक्यं. कोण बसतं, हे मी विचारलं होतं. त्याचं उत्तर नाही. तू लहानपणापासून असाच. काही लपवायचं असलं की हवापाण्यावर बोलतोस.

दिशा परत आली. मी सहज विचारलं, काय गं, आत्याच्या बाकावर बसलीस का. पोरगी जी उठली ती भांडी घासायला गेली. एरवी तिला भांड्यांसाठी चार हाका माराव्या लागतात. पुन्हा विचारलं तर म्हणाली, आत्या, पप्पांनाच विचारा. कुठंतरी पाणी मुरतंय, शांतवन.

हे माझ्यापुरतं असतं तर गिळलं असतं. पण भालेरावांचा मेव्हणा परवा रविवारी तुमच्या बाजूला गेला होता. तो देवळात डोकावला. म्हणतो, मंडळी सगळी जमिनीवर, बाकांवर चिटपाखरू नाही, आणि बाकंही दहा भरली नाहीत. पुढं पुंजा सुताराच्या अंगणात आपल्याच पॉलिशचं एक बाक पाय वर करून पडलेलं त्यानं पाहिलं. महिला संघात आता कुजबूज आहे की शांतवननं बाकं फुंकली. साठेबाई मला बघून गप्प होतात. गप्प झालेल्या साठेबाई मी पहिल्यांदाच पाहिल्या.

मी सगळ्यांना ठासून सांगितलं की माझा भाऊ असा नाही. सांगताना माझाच आवाज मला पटला नाही, हे तुला लिहिताना लाज वाटते. एक सरळ पत्र लिही.

ललिताच्या गुडघ्यासाठी मलम पाठवते आहे. रागावले तरी विसरत नाही, एवढं लक्षात ठेव.

तुझी,
ताई


हरसूल,
२० जानेवारी १९९८

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

मलम मिळालं. पत्रही मिळालं, ते मलमापेक्षा जास्त झोंबलं.

एकही बाक विकलेलं नाही, गहाण टाकलेलं नाही, कुणाच्या दाराला फळी म्हणून गेलेलं नाही. यापुढचं मला आत्ता विचारू नकोस. सांगायची वेळ आली की मीच सांगेन.

पण भालेरावांच्या मेव्हण्याला रविवारी सकाळी, ऐन उपासनेच्या वेळी, आमच्या डोंगरात काय काम निघालं, हे तू विचारलंस का? भालेरावांचा जावई बायबल कॉलेज संपवून वर्षभर घरी बसला आहे. सासऱ्याला त्याच्यासाठी जागा हवी आहे आणि नाशिक जिल्ह्यात त्याच्या मापाची जागा माझीच दिसते. मला तर आता अशीही शंका येते की बाकं दिली ती यासाठीच, की उद्या मोजायला यावं. असं मनात येणं पाळकाला शोभत नाही. येतं मात्र.

आणि एक सांग. तू दिशाला माझ्यावर पाळत ठेवायला नाताळला पाठवलंस का? पोर इथंही कावरीबावरी होती. दोन घरांच्या मध्ये तिला उभी करू नकोस.

रागानं लिहिलं असेल तर सोडून दे. तुझ्याशिवाय मला रागवायला तरी कोण आहे.

तुझा,
शांतवन


नाशिक,
२ फेब्रुवारी १९९८

शांतवन यास,
आ. वि. वि.

'चि.' लिहायला हात धजला नाही. समजून घे.

विकलं नाही, गहाण टाकलं नाही. मग पुंजाच्या अंगणात बाक काय ऊन खायला गेलं होतं? पाळत ठेवली म्हणतोस. अरे, दिशाला मी चपात्यांचं पीठ मळायला ठेवत नाही, पाळतीवर काय ठेवणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

२८ तारखेला, शनिवारी, कमिटी आहे. भालेरावांनी विषय घातला आहे. बाकांचा समाधानकारक खुलासा झाला नाही तर एप्रिलपासून तुझ्या जागी दुसरा माणूस पाठवायचा, असं त्यांनी पाळकसाहेबांच्या गळी उतरवलं आहे. जावयाबद्दल तू म्हणतोस ते खरंही असेल. पण कोंबडं तू झाकून ठेवलंस म्हणून त्यांना आरवायला मिळालं. बावीस वर्षं त्या डोंगरात काढलीस, ललिताचे गुडघे त्या उतरणींनी खाल्ले, आणि आता एका बाकापायी सामान बांधून खाली येणार?

महिला संघाची अध्यक्ष म्हणून मलाही कमिटीत बोलायला सांगणार आहेत. मी काय बोलू? भावाची बाजू घेऊ की नवऱ्याच्या नावाची, हे तू मला ठरवायला लावतो आहेस. त्या बाकावरचं नाव गेलं असेल तर मी तुझ्या बाजूनं उभी राहणार नाही. हे रागानं लिहिलेलं नाही. दोन दिवस थांबून लिहिलं आहे.

मलम दिवसातून दोनदा चोळायचं, म्हणावं ललिताला.

एस्तेर


हरसूल,
१९ फेब्रुवारी १९९८

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

चार वेळा पत्र लिहून फाडलं. आता जसं घडलं तसं सांगतो.

बाकं आली त्या रविवारी मला भीती वाटली की पुढं कोण बसणार यावरून भांडणं होतील. म्हणून मी उपदेश केला तो मेजवानीच्या दृष्टांतावर. बोलावणं आलं तर मुख्य जागेवर जाऊन बसू नका, तुमच्याहून मोठा कुणी यायचा असेल, शेवटच्या जागेवर बसा, प्रभू स्वतःच वर बोलावील. चांगला झाला उपदेश. मला स्वतःला फार आवडला. इतका चांगला झाला की एकही माणूस बाकावर बसला नाही.

मला वाटलं, संकोच आहे, जाईल. पण पुढच्या रविवारी आलो तर बाकं स्वच्छ पुसलेली, आणि मंडळी त्यांच्यामागं जमिनीवर. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. नाताळालाही तेच. शेवटी नवसाबाईला विचारलं. ही आमची सगळ्यांत म्हातारी, बाप्तिस्म्याला माझ्याआधीच्या पाळकाला सहा वर्षं थांबवलेली बाई. ती म्हणाली, मालक यायचेत ना.

ताई, इथं हंड्यावर, पातेल्यावर नाव घातलेलं असतं. लग्नाला साऱ्या पाड्याची भांडी गोळा होतात आणि नाव बघून ज्याची त्याला परत जातात. वाचता येत नसलं तरी नाव घातलेलं आहे एवढं बोटाला कळतं. नाव असलेली वस्तू दुसऱ्याची, ती सांभाळायची, वापरायची नाही. मी समजावलं की ही बाकं नाशिकच्या लोकांनी दिली आहेत, आपलीच आहेत आता. त्यावर ती मला म्हणाली, "दिलंय म्हंता, तर मंग नाव कशापायी ठेवलंय त्यावर?"

मी पंचवीस वर्षं उपदेश करतो आहे. त्या दिवशी उपदेश तिनं केला.

म्हणून जानेवारीत एकेक बाक पुंजाकडं नेलं आणि रंधा मारून नावं काढली. कमिटीला विचारलं नाही. विचारलं असतं तर कमिटीनं ठराव केला असता आणि नाव तिथंच राहिलं असतं. एकेका बाकावर लोक बसू लागले. पहिल्यांदा नवसाबाई बसली तेव्हा पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून ती लाजत होती. नऊ झाली. दहावं दाजींचं. ते दोनदा अंगणापर्यंत नेलं आणि दोनदा परत आणलं. त्या नावाला पुंजाचा हात लागू द्यायचं माझ्यानं झालं नाही, आणि तुला सांगायचंही झालं नाही. ते पहिल्या रांगेत रिकामं उभं आहे. नाताळात मंडळी बाकं सोडून जमिनीवर बसते, हे दिशानं पाहिलं. मीच तिला बोलू नको म्हणालो.

दाजींचं नाव तुझं आहे. तू ठेव म्हणालीस तर राहील, मी शब्द दिला आहे. या रविवारी मी व ललिता उपासकाळ लागायच्या आत पेठकडं एका लग्नाला जातो आहोत. सोमवारी परत. कमिटीत तू काय बोलशील ते मला मान्य आहे. फक्त मी विकली असं मनातून काढून टाक.

तुझा,
शांतवन


नाशिक,
३ मार्च १९९८

चि. शांतवन यास,
प्रभूच्या नावात अ. उ. आ. वि. वि.

तू परत आल्यावर नवसाबाईनं तुला सगळं सांगितलंच असेल. पण तिच्या तोंडचं वेगळं आणि माझ्या तोंडचं वेगळं, म्हणून लिहिते.

तुझं १९ तारखेचं पत्र माझ्या दारात पडलं ते सोमवारी. मी रविवारीच न कळवता तुझ्याकडं येऊन गेले होते. तुला रंगेहाथ पकडायला आले होते, आता कशाला खोटं बोलू. पहाटेची एस.टी. धरली, पुढं जीप. देवळाशी पोचले तर उपासना सुरू व्हायची होती आणि तू नाहीस. मला वाटलं दिशानं कळवलं आणि तू पळालास.

आत गेले. लोक बाकांवर बसलेले. मी पाठींवरची नावं शोधली. एकही नाही. साठेबाईंच्या सासऱ्यांचं नाव गेलं होतं, भालेरावांच्या आजोबांचं गेलं होतं. आणि पहिल्या रांगेत रिकाम्या बाकावर तुझ्या दाजींचं नाव, जसंच्या तसं, अक्षराला ओरखडा नाही. शांतवन, मला काय आनंद झाला म्हणून सांगू. नऊ जणांची नावं पुसली गेली याचं काडीचं वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. माझ्या भावानं माझं तेवढं राखलं, असं मनात आलं आणि मान ताठ झाली. देवरामनं कोण म्हणून विचारलं तेव्हा मी त्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, मी यांची बायको.

सगळं देऊळ उठून उभं राहिलं. नवसाबाईनं हात धरून मला त्या बाकावर नेऊन बसवलं. पदरानं आधी जागा पुसली. मी बसले. मग मागं सरसर आवाज आला म्हणून वळून पाहिलं, तर बाकावरचे सगळे खाली उतरून जमिनीवर बसत होते. मालकीण आली होती ना. गर्भार बाई होती एक, तीही खाली बसली.

देवरामनं प्रार्थना केली. प्रभूचे आभार दोन वाक्यांत उरकले आणि मग माझे मानले, नाव घेऊन घेऊन. खरं सांगते, पहिलं गीत संपेपर्यंत मला ते आवडलं. सहा वर्षांत त्या नावाला कुणी एवढा मान दिला नव्हता. दुसऱ्या गीताला मी पुन्हा मागं पाहिलं. नवसाबाई डावीकडं वाकत होती, उजवीकडं वाकत होती. तिला मेजावरचा क्रूस बघायचा होता आणि तो दिसत नव्हता. तिला दिसत होतं ते एवढंच, तुझ्या दाजींचं नाव आणि त्याच्या वर माझा अंबाडा.

मला इतकी लाज वाटली की उठायलाही सुधरेना. रंगेहाथ पकडायला आले होते, ती मीच सापडले.

गीत संपल्यावर मी उठून पुंजा कोण म्हणून विचारलं आणि त्याला म्हणाले, "जा, रंधा घेऊन ये." देवराम घाबरला. म्हणाला, पाळकबाबा येऊ द्या. मी म्हणाले, मग माझा धीर जाईल. पुंजानं तिथंच, देवळातच, काम केलं. मी पाहत उभी राहिले. 'रत्नाकर' आधी निघालं, 'स्मरणार्थ' शेवटी. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. कुणी मला गप्प करायला आलं नाही, ते बरं झालं. नवसाबाईनं खाली पडलेला लाकडाचा कीस चुलीसाठी पदरात भरून घेतला. मी अडवलं नाही. मग तिला म्हणाले, आता बसा. ती बसली. मी तिच्या शेजारी बसले. मग बाकीचे उठून बाकांवर बसले.

आता कमिटी. मी उभी राहून सांगितलं की दहावं नाव माझ्या नवऱ्याचं, ते मी माझ्यासमोर काढून घेतलं, आणि उरलेल्या नऊ घरांपैकी ज्यांना आपलं नाव परत हवं त्यांनी एकेका रविवारी हरसूलला जाऊन आपल्या बाकावर बसून यावं. आणि भालेरावांच्या जावयाला जागा हवी असेल तर त्याला सुरगाण्याच्या डोंगरात अजून तीन पाडे मोकळे आहेत, तिथं देऊळही नाही. जावयाची प्रकृती लगेच नाजूक निघाली. साठेबाई मात्र हटून बसल्या. सासऱ्यांच्या नावाचं त्या माझ्याशी अजून बोलत नाहीत. पाळकसाहेबांनी विषय मिटवला, तू आहेस तिथंच राहतोस. भालेरावांची एक सूचना मात्र मंजूर झाली. तुमच्या देवळात एक पाटी लावायची, 'सर्व देवाच्या गौरवासाठी', आणि खाली कमिटीच्या सभासदांची नावं. पाटी आली की पुंजाला दाखव.

तुला चोर म्हणाले, ते मनात ठेवू नकोस. ठेवलंस तरी ताईचं म्हणून ठेव. इथं आता रविवारी मी मागच्या दाराजवळ बसते, तिथं वारा चांगला लागतो. फक्त घरी आल्यावर चुकल्यासारखं होतं. त्या माणसाचं नाव आता कुठंच लिहिलेलं नाही, शांतवन. योग्य झालं हे कळतं, तरी दुखतं.

ललिताला, देवरामला, नवसाबाईला माझा सलाम. भावावर हक्क आहे म्हणून भांडते, तो हक्क काढून घेऊ नकोस.

तुझी,
ताई


हरसूल,
२२ मार्च १९९८

ती. ताईस,
शांतवन व ललिताचा सप्रेम सलाम. वि. वि.

आज रविवार. उपासना उरकून जेवलो आणि लगेच लिहायला बसलो, म्हणजे सांगायचं राहायला नको.

बाकं भरतात. पुढच्या बाकासाठी आज दोघींची भांडणं झाली, म्हणजे माझी पहिली भीती खरी होती. भालेरावांची पाटी अजून आली नाही. आली की पुंजा तयार आहे. ललिता म्हणते, वन्संना सांगा मलम संपलं आणि गुडघा तसाच आहे.

आज उपासनेनंतर नवसाबाई दाजींच्या बाकावरून उठेना. मला जवळ बोलावून विचारलं, तो माणूस कसा होता, ज्याचं नाव पुंजानं काढलं. ताई, अडीच महिने नाव डोळ्यांसमोर होतं, देवरामला वाचता येतं, मला रोज भेटतात, पण कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. मालक म्हटलं की त्यांच्यासाठी संपलं होतं. आज विचारलं, तसे बाकीचेही थांबले. मग मी सांगितलं. ओझरच्या कारखान्यात फिटर होते. तापट होते, पण राग दाराबाहेर जायच्या आत विझायचा. गाता येत नसताना सगळ्यांत मोठ्यानं गायचे. लग्नात ते मला चुकून सासरा समजून माझ्या पाया पडले होते. लोक खूप हसले. देवराम दोन दोनदा विचारत होता, मग काय झालं.

निघताना नवसाबाईनं शेवटची प्रार्थना मी करते म्हणून सांगितलं. नागलीसाठी केली, पाखरांसाठी केली, गर्भार सुनेसाठी केली. आणि मग म्हणाली, "देवा, त्या फिटरला तुझ्यापाशी नीट बसायला जागा दे."

गेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही, असं आपल्याला शिकवलं आहे आणि मीही इथं तेच शिकवतो. तिला मी अडवलं नाही. मंडळीनं आमेन म्हटलं, मीही म्हटलं.

तुझा,
शांतवन